अप्पांनी सायकलला इंजिन बसवलं तेव्हा

कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, इतकी मी भित्री. तरी आमच्या अप्पांनी फवारणी पंपाचं इंजिन काढून माझ्याच सायकलला बसवलं.

"अप्पा, बंद कसं करायचं?"

"आधी चालू तर होऊ दे, माय!"

चालू झालं. बंद करायचं बटण मात्र जोडायचं राहिलं होतं आणि पडायच्या भीतीने मला ब्रेक दाबवेना. मागे अप्पा ओरडत पळत होते, पुढे मी रडत होते. हळूहळू त्यांचा आवाज विरला. पाय पेडलवर नुसते ठेवलेले, दोन्ही बाजूंनी पिवळी करडई वाहत चाललेली. रडायचं कधी थांबले, कळलंच नाही.

चाकूरच्या फाट्यावर पेट्रोल संपलं. कुणाच्या तरी सायकलवर अप्पा धापा टाकत आले.

"लई भ्यालीस का गं?"

"अप्पा, पेट्रोल एवढंच का टाकलं?"