काचेआडचा ढोल

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय नानाजी, व्यासपीठावरील पाहुणे, माझे सहकारी शिक्षक आणि धानोऱ्याच्या बंधुभगिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळाले. माझ्या सांस्कृतिक कार्याचा गौरवही झाला. त्यातले एक कार्य वक्ते विसरले. ते मीच सांगतो, कारण उद्यापासून मला माईक कोण देणार?

सन एकोणऐंशीत एक साहेब जीपने आले आणि बुटांसकट आपल्या गावच्या ढोलवाल्या इसरूभाऊंच्या अंगणात शिरले. शहरात जगभरच्या वाद्यांचे संग्रहालय उभे राहत होते. त्यांना इसरूभाऊंनी स्वतः घडवलेला ढोल हवा होता.

"मंग सणाले काय वाजवू?" इसरूभाऊंनी विचारले.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गुरुजी, समजवा यांना. महिन्याभरात परत करू."

मी समजावले. साहेबाचा हात खांद्यावर पडला की आम्ही मास्तर लोक किती फुगतो, ते इथे सर्वांना ठाऊक आहे. इसरूभाऊ चार वर्षे वाट पाहून गेले.

पंच्याऐंशीत मी त्यांच्या मुलाला, पोचूला, घेऊन त्या संग्रहालयात गेलो. काय तो थाट! तीन मजले, गालिचे, थंडगार हवा. आफ्रिकेचे नगारे, युरोपातली व्हायोलिने, कुठकुठल्या बासऱ्या. हजारो वाद्ये, आणि आवाज फक्त पंख्यांचा. हात लावायला बंदी, वाजवण्याची तर गोष्टच सोडा. याला हे लोक जतन म्हणतात.

दुसऱ्या मजल्यावर पोचू थांबला. काचेवर पाटी होती: 'आदिवासी ढोल. कारागीर अज्ञात.'

"हा माह्या बाबाचा होय," तो म्हणाला.

तिथले अधिकारी हसले. "असे ढोल सगळे सारखेच दिसतात." व्हायोलिनबद्दल ते असे म्हणाले असते का?

"दोरीखाली लाकूड तडकलं हाये," पोचू शांतपणे म्हणाला. "तिथी तांब्याची तार हाये. मीच आवळली."

अधिकाऱ्यांनी बॅटरी लावून पाहिले. तार होती. ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "नोंद घेतो."

त्यानंतर मी दोन वर्षे पत्रे लिहिली. गेल्या महिन्यात उत्तर आले. जंगलातल्या हवेत ढोल खराब होईल, म्हणून परत देता येत नाही. मात्र पाटीवर इसरूभाऊंचे नाव घातले आहे. जंगलातल्या झाडाचा ढोल, आणि म्हणे जंगलात खराब होईल!

मी ते पत्र पोचूला वाचून दाखवले.

"बाबाले वाचता येत नव्हतं, मलेही येत नाई," तो म्हणाला. "नाव कोणासाठी लिवलं?" मग म्हणाला, "गुरुजी, तुमी म्हणले नसते तं बाबानं ढोल देला नसता."

आपण माझ्यासाठी एवढे केलेत, मी आभारी आहे. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. पोचूलाही मी निमंत्रण दिले होते. तो आलेला नाही.