औषधाची मच्छरदानी

माहा जलम चिखल्याचा. मॅंगनीजची खदान आहे न तिथं, त्या खदानीच्या कॉलनीतल्या खोलीत मी लहानाची मोठी झाली, बाप खाली जमिनीच्या पोटात काम करे अन् वर आला की त्याले धूर चालत नसे, ना चुलीचा ना उदबत्तीचा, म्हने दिवसभर धूळ खाऊन आलो, आता घरात त साफ हवा घेऊ द्या. त आमच्या मायनं मच्छरायसाठी कधी धूर केला नाही. एक जुनी मच्छरदानी होती, तिच्यात आम्ही भावंडं सगळे आडवे कोंबून झोपत होतो, अन् जो कडेले असे त्याचा हात जाळीले टेकला की मच्छर बाहेरून चावे. कडेची जागा मोठ्याची, अन् मोठी मी. हे आधी काहून सांगून राहिली, त मच्छरदानीचा सोस माहा माहेरचा आहे, ते पुढं कामात येईन तुमच्या.

लग्न होऊन इकडे करडी गावाच्या बाजूले आली. हे गाव तलावाचं. घरी थोडंसं धान, अन् तलावाच्या मासोळीत सोसायटीचा हिस्सा, म्हंजे सगळ्यायनं मिळून पान्यात पिल्लं सोडायची, राखायची, मोठी झाली की मिळून जाळं टाकायचं. धान म्हनलं की चिखल, तलाव म्हनलं की पानी, अन् दोन्ही असले की मच्छर काय सांगू तुम्हाले, ताई. मच्छर त एक झाले. म्हशीले चावते ते डांस येगळे, डोळ्यात शिरते ते चिलटं येगळे, अन् एक असा बारीक कीडा आहे का दिसतच नाही, नुसती गांधी उठते अन् मानूस खाजवत बसते. रोवन्याच्या दिवसात बाया वाकून पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, लावते, दोन्ही हात चिखलात, मारनार कायनं? सासू म्हने, आपलेच हात कामात असले की त्यायले मालूम पडते.

सासू माही धुराची मोठी कारागीर होती. गोवरी पेटवायची, जाळ नाही होऊ द्यायचा, वरून ओला निंबाचा पाला घालायचा अन् फुटकं मडकं पालथं झाकायचं, का धूर हळूहळू निंघत राह्यला पाहिजे. वारा कोन्या अंगानं येते ते पाहून मडकं ठेवायचं, नाही त मच्छर राहते घरात अन् मानसं जाते बाहेर. गोठ्यात तिची येगळी तऱ्हा, तिथं मोहाच्या बियाची ढेप जाळे, ढेप म्हंजे तेल काढल्यावर उरते तो चोथा, त्याच्या वासानं डांस पळते. मी आल्या-आल्या खोकत होती. त म्हने, सूनबाई, इथं धूर खाईन तो झोपीन, नाही खाईन त्याले मच्छर खाईन. शिकली बाप्पा मी धूर खायाले.

पन त्या ढेपीचं तिचं एक होतं. तलावाच्या पारीवर, म्हंजे बांधावर, ढेपीचा खडा नेऊ देत नसे. पारीवर आमची खोपडी आहे, राखनाची, तिथं फक्त गोवरी अन् निंब. काहून त मोहाची ढेप पान्यात गेली की मासोळी मरते, ते इथल्या लेकराले बी मालूम आहे. करंजाचं तेल पायाले चोपडलं त जाळ्याले हात लावायच्या आधी राखेनं हात धुवायचे, गळाले गांडूळ लावायच्या आधी त दोनदा, नाही त मासोळी वास घेते अन् तोंड फिरवून चालली जाते. आता पोट्टे दुकानातला मलम लावून गळ टाकते अन् दिवसभर बसून म्हनते, मासोळीच नाही राह्यली तलावात.

आता हे. हे म्हंजे वनिताचे बाबूजी, माहे मालक. वनिता आमची एकुलती एक पोरगी. त्यायनं उभी जिंदगी त्या खोपडीत काढली. पावसाच्या सुरुवातीले मासोळीचं जिरं येते, जिरं म्हंजे एवढेसे पिल्लं, जिऱ्याच्या दान्यासारखे, प्लास्टिकच्या थैलीत. ते एकदम तलावात सोडलं त मोठी मासोळी खाऊन टाकते. म्हनून काठाच्या पान्यात बांबू गाडून बारीक जाळीची पेटी बांधते, त्याले हापा म्हनते, त्याच्यात कोंडा टाकून पोसायचं, बोटाएवढं झालं की मंग सोडायचं. तवरक राखन. बगळे आहे, पानसाप आहे, खेकडे त जाळीच कातरते. सोसायटीनं हे काम यायच्यावर टाकलं ते ह्या भरोशावर का हा मानूस पिल्लायले सोडून घरी जेवाले बी येत नाही. डबा मी नेऊन देत होती.

थंडीताप मात्र यायले कितीदा झाला मी मोजला नाही. एका साली त असा झाला, मलेरियाच, का वाकळीवर वाकळ टाकली अन् वरून मी बसली तरी खाट हालून राहिली होती. तवापासून मी म्हनत होती का खोपडीत मच्छरदानी बांधा. ते म्हनते, जाळीत झोपलो त पान्याचा आवाज कसा ऐकू येईन? म्हनलं, आवाज काय जाळीत अटकते का? त्यायचं आपलं चालूच, एका कानानं झोपायचं अन् एका हातानं मच्छर मारायचे.

त त्या साली वनिता पोटुशी होती. पहिलं बाळंतपन, म्हंजे माहेरी येनार, पोळ्याच्या आगंमागं. आमच्या गावची आशाताई, मंदा तिचं नाव, घरोघर मच्छरदान्या वाटून गेली, औषधवाल्या, नव्या कोऱ्या, थैलीत बंद. सगळ्यायले आंगनात उभं करून तिनं सांगतलं, एक दिवस सावलीत वाळवा मंग बांधा, तलावात धुवू नका, याच्यानं मासोळ्या धरू नका. मी ऐकलं, यायनं बी ऐकलं. पन गावानं काय अर्थ लावला? का सरकारी वस्तू आहे, लोकं मासोळ्या धराले वापरते म्हनून भेव दाखवून राहिली. आमच्या घरी दोन आल्या, मी त थैली बी फोडली नाही. म्हनलं, एवढी चांगली वस्तू आहे, आपल्याले कायले पाहिजे, वनिता आली का तिच्या खाटेले अन् लेकराच्या पाळन्याले बांधू. पेटीत खालीच ठेवली, लुगड्याच्या घडीत.

आखाडात झड लागली. सूर्य नाही दिसला. वैनगंगा भरून आली, भंडाऱ्याच्या रस्त्यावर पानी, एसटी बंद. अन् नेमकं त्याच दिवशी दुपारी खेकड्यानं हापा फाडला. हे भिजत घरी आले, तोंड असं झालं होतं का मले वाटलं कोनी बुडालं. म्हनते, पिल्लं निंघून चालले, जाळी पाहिजे, आत्ताच्या आत्ता. भंडाऱ्यावरून आनाची सोय नाही. घरात जाळी कोनती? पेटीतली. मी म्हनलं, ते वनितासाठी आहे. ते म्हनते, वनिता यायाले अजून टाईम आहे, दुसरी आनू, पन हे लेकरं आज मरून राहिले. पिल्लायले लेकरंच म्हनते ते. मी पेटी उघडून दिली. दोन्ही मच्छरदान्या शिवून यायनं पान्यात नवा हापा बांधला, उरलेली पिल्लं त्याच्यात घेतली, अन् मले म्हनते, पाह्य कशी बारीक जाळी आहे, खेकड्याच्या बापाले बी नाही कातरता येत.

सकाळी मी डबा घेऊन गेली त हे पान्यात उभे, कमरेपर्यंत. हापा पांढरा झाला होता वरून. सगळी पिल्लं पोट वर करून. हे हातात घेऊन-घेऊन पाहत होते, एखादं हालते का. मी पारीवरूनच हाक मारली, त्यायनं वर पाह्यलं नाही. मले राग बी आला, खोटं कायले सांगू, माही मच्छरदानी बी गेली न पिल्लं बी गेले, पन त्या मानसाले पाहून राग तिथंच सोडला. मी डबा खाली ठेवला अन् पान्यात उतरली, दोघायनं मिळून हापा सोडला, काठापासून दूर नेऊन खड्डा केला अन् पुरलं सगळं.

कोनी म्हनत होतं पान्यात इख टाकलं. हे सोसायटीत उभे राहून बोलले, इख-बिख नाही, मी घरची औषधाची जाळी बांधली. दोन दिवस लोकायनं तोंड फिरवलं, मंग अध्यक्षच म्हनले, बाप्पा, मी बी तेच केलं असतं, माह्या बी घरी जाळी आहेच. दुसरं जिरं उशिरानं आनलं. पन हे बदलले. सासू त तवा जिवंत नव्हती, पन हे म्हनत होते, माय ढेपीचा खडा पारीवर येऊ देत नव्हती अन् मी आख्खं औषध पान्यात बांधलं.

मंग वनिता आली, अन् भादव्यात लेकरू झालं, पोरगी, भंडाऱ्याच्या दवाखान्यात. घरी आनलं त बाहेर धान उभं, दारात पानी, अन् मच्छर असे का बोललं त तोंडात जाते. शेजारच्या घरी दोघायले मलेरिया. मंदाताई आली, तिनं लेकरासाठी दुसरी मच्छरदानी आनून देल्ली. हे दारात आडवे झाले. म्हनते, हे माह्या घरात नाही लागनार. जिनं एका रातीत हापा साफ केला ते तुम्ही माह्या नातीवर टाकता? मंदाताई म्हने, काका, मासोळी पान्यात राहते, औषध त्या पान्यात उतरलं, लेकरू त कोरड्यात झोपते. हे म्हनते, लेकराले घाम येत नाही का? लेकरू जाळी तोंडात धरीन त? तिनं सगळं समजावलं, का बांधताना दूर बांधा, सावलीत वाळवा, बाळाले काही होत नाही. हे ऐकत होते अन् मुंडी हालवत होते, नाही म्हनून.

मंग यायनं काय केलं? धूर केला. बाळंतिनीच्या खोलीत. लेकरू खोकाले लागलं. मी मडकं उचललं अन् आंगनात नेऊन आपटलं, म्हनलं, खदानीच्या धुळीनं माह्या बापाची छाती गेली, धुरानं ह्या लेकराची मी जाऊ देनार नाही. त हे निंबाची डहाळी घेऊन पाळन्यापाशी बसले. बसलेच. वारं घालून राहिले, घालून राहिले, डोळा लागला की डहाळी खाली, अन् लेकराच्या गालावर लाल गांधी. वनिता रडे. मले त्या गांधीचं भेव अन् यायले त्या जाळीचं. दोघंही नातीसाठीच भेत होतो, अन् एकमेकाशी बोलत नव्हतो.

अन् एका दिवशी सांजच्याले यायनं मच्छरदानी उचलली अन् खोपडीकडे चालले. म्हनलं, कुठं? म्हनते, आधी मी झोपून पाहतो. सकाळी उठलो त लेकराले टाका. नाही उठलो त टाकू नका. मी हासली. मंग घरात जाऊन रडली, काहून ते मले बी मालूम नाही.

सकाळी हे आलेच नाही. रोज कोंबड्याच्या आधी उठनारा मानूस, ऊन पारीवर आलं तरी नाही. मले मालूम होतं मच्छरदानीनं मानूस मरत नाही, माहेरी मी त्याच्यातच वाढली. तरी चूल तशीच टाकून निंघाली. चहाची किटली घेऊन गेली त खोपडीत जाळी चारही अंगानं खोसलेली, अन् आत हे तोंड उघडं टाकून निपचित. हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. किटली खाली ठेवली अन् जाळीतून हात घातला त पायाच्या अंगठ्याले हात लागला, तवा उठून बसले अन् म्हनते, काहून उठवलं? म्हनते, शेवंते, लगन झाल्यापासून मी झोपलोच नव्हतो का वो?

त्याच दिवशी पाळन्याले जाळी बांधली. यायनंच बांधली, दोरी आवळून तीनदा ओढून पाह्यली.

आता ती नात, आरू तिचं नाव, शाळेत जाते, सुटीत येते. वनिताले मंग पोरगा बी झाला. हे अजून खोपडीतच राहते, गुडघे दुखते तरी, पन जाळीत झोपते. मच्छरदानी धुवायची झाली त तलावाकडे नेत नाही, आंगनात टपात धुते, अन् ते पानी दूर खड्ड्यात टाकून वरून माती ओढते. अन् नवीन मच्छरदानी आली का आजही एक रात आधी स्वतः झोपून पाहते, मंग पोरायले देते. मंदाताई हासते, म्हने, काका, आता त भरोसा ठेवा. हे म्हनते, भरोसा आहे, पन झोपून पाहाले काय जाते? गावात नवी मच्छरदानी आली का लोकं यायले चिडवते, म्हनते, काका, आमच्या घरची बी पाहून द्या.

बस, आता किती लिहाल? हात दुखत असन. अंधार पडून राहिला, मच्छर यायची येळ झाली, तुम्ही जेवून आतल्या खोलीत झोपा. देव तुमचं भलं करो, एवढ्या दुरून आमचं ऐकाले आल्या. अन् खाटेले जे जाळी बांधली ते नवीकोरी आहे, भेऊ नका. तुम्ही येनार मालूम होतं, म्हनून काल हे तिच्यात झोपले होते.