गयासभाईंचं पाखरू

अनिसा : खरं सांगा काकू, आज पाण्याचा घोट तरी गेला का पोटात?

सुरेखा : जाईल गं. ऊन कुठं एवढं चढलंय.

अनिसा : गच्ची तापली, आणि म्हणे कुठं चढलंय. काल जिन्यात भिंत धरून उभ्या होतात, ते बघितलं मी.

गयास : काय झालं? काकूंची तब्येत बरी नाही का?

अनिसा : तुमच्या क्लॅरिनेटनं झालंय. काकू रोज सकाळी इथं ज्वारी टाकतात, बघता ना तुम्ही? पाखरानं पहिला दाणा टिपला की मगच त्या पाणी पितात. नेम आहे त्यांचा. आणि तुम्ही गच्चीवर वाजवायला यायला लागलात, तेव्हापासून दुपार होईस्तोवर एक चिमणी फिरकत नाही.

गयास : म्हणजे माझ्या वाजवण्यानं?

सुरेखा : तसं नाय हो गयासभाई. छान वाजवता तुम्ही. माणसाला लई बरं वाटतं ऐकून.

गयास : पण काकू, मी वाजवतो ती अख्खी चीज पाखरांवरच आहे. बुलबुल आहे, साळुंकी आहे, भारद्वाज आहे. इथं आसपास येणारी हीच पाखरं ऐकून बांधली मी ती.

अनिसा : हौ. ज्यांच्यावर बांधली तीच पळाली. रविवारी क्रांती चौकातल्या हॉलमध्ये तुमच्या कार्यक्रमाला माणसं तरी टिकतात का बघू.

गयास : हसू नको. जन्मभर बँडमध्ये दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. पहिल्यांदा कुणी म्हणालं, गयासभाई, तुमचं स्वतःचं काहीतरी वाजवा, एकट्यानं, स्टेजवर. घरात वाजवावं तर अम्मींचं डोकं उठतं. काकू, तुम्ही आधी का नाही बोललात?

सुरेखा : नेम माझा नि देवाचा. त्याच्यापायी दुसऱ्याचं तोंड कसं बंद करू?

गयास : मग मीच बंद करतो. रविवारचं जमणार नाही म्हणून कळवून टाकतो.

सुरेखा : असं नका करू हो. ते पाप माझ्या माथी येईल, आणि ते फेडायला मला अजून एक नेम धरावा लागेल. आहेत तेच झेपंनात.

अनिसा : काकू, आमची कोंबडी आणू का वर? तीपण पाखरूच की. एका मिनटात टिपंल.

सुरेखा : ती तुझ्या धाकानं टिपंल गं. पाखरानं आपल्या मनानं यायला पायजे. देवाला काय कळत नाय व्हय?

गयास : मी हळू वाजवतो. एकदम हळू.

सुरेखा : आवाजाचं नाय ते. स्टेशनातून गाडी भोंगा देत जाते, तरी येतात बिचारी. एक विचारू का? राग नका धरू.

गयास : विचारा ना.

सुरेखा : तुमचं पाखरू दाणा कधी खातं?

गयास : म्हणजे?

सुरेखा : सुरू झालं की बोलतच ऱ्हातं. चोच मिटतच नाय. खरं पाखरू थोडं बोलतं, मग गप बसतं, कुणी उत्तर देतंय का ऐकतं. आणि दाणा टिपायचा तर गप बसावंच लागतं की.

अनिसा : वरातीची सवय हो, काकू. क्लॅरिनेट थांबलं की नाचणारे थांबतात, आणि नवरदेवाचे मामा अंगावर येतात. बँडमध्ये हे श्वाससुद्धा चोरून घ्यायचे.

गयास : मस्करी नाही ती. थांबायचं शिकवलंच नाही आम्हाला कुणी. आणि स्टेजवर गप्प उभा राहिलो तर लोक म्हणतील, म्हातारा विसरला.

सुरेखा : म्हणू द्या. माझी सून मला रोज म्हणते.

गयास : बरं. बुलबुलाचा पहिला तुकडा घेतो आणि थांबतो. अनिसा, हसायचं असेल तर खाली जा.

(क्लॅरिनेटचा एक छोटा तुकडा. मग बराच वेळ काहीच नाही.)

अनिसा : झालं?

गयास : शू.

अनिसा : अहो, पण एवढा वेळ कुणी...

सुरेखा : हलू नको गं. टाकीवर बघ.

अनिसा : कबुतर आहे ते.

गयास : कबुतर? कबुतर तर मी चिजेत घेतलंच नाही.

सुरेखा : त्याला कुठं ठावं. उतरलं बघा. आलं, आलं. टिपला गं बाई. नारायणा.

अनिसा : हा घ्या तांब्या. बसा आधी. बसून प्या, सावकाश.

सुरेखा : पिते. तुम्ही वाजवा, गयासभाई. माझ्यापायी खोळंबू नका.

अनिसा : हौ, वाजवा की. कबुतरसुद्धा उडून गेलं. आता कुणासाठी गप्प?

गयास : काकूंचं पाणी पिऊन होऊ दे.