बिलियर्डच्या काठीवरच्या शेवया

क्लबात शेवया करू नयेत म्हणे! अगं, आपल्या महिला क्लबाचा हा सिव्हिल लाइन्समधला बंगला मुळात एका वकीलसाहेबांचा. त्यांनी तो बिलियर्डच्या टेबलासकट आम्हाला वापरायला दिला. पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही इथं शेवया केल्या. वाळत घालायला काठ्या पुरेनात, म्हणून बिलियर्डच्या काठ्या खुर्च्यांवर आडव्या टाकल्या. नेमके त्याच दुपारी साहेब बायकोला न्यायला आले. आम्ही गारच! आता बंगला परत मागतात की काय?

साहेब शेवया टाकलेल्या एका काठीपाशी थांबले. म्हणाले, "ही घेऊ नका. वाकडी आहे, शेवया घसरतील. हिच्यापायीच मी जन्मभर हरलो."

वकिलीणबाईंनी काठी निरखून पाहिली. "काहून जी, सकाळपासून एक शेवई घसरली नाही!"