गारदेवीच्या घाटात काच पुसणारा

लाइट गेली की तुम्हाला मी आठवतो. दिवसा गॅरेजवरून जाता तेव्हा एकजण रामराम घालत नाही, आणि आता म्हणे म्हातारबा, घाटातली गोष्ट सांगा. माझे गुडघे ठणकताहेत, झोप आलीय. पण सांगितल्याशिवाय तुम्ही उठायचे नाही. तर ऐका. मध्ये बोलायचं नाही, आणि तो मोबाइलचा उजेड माझ्या तोंडावर मारायचा नाही.

तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झाले होते. पावसाचे दिवस नव्हेत, तरी पडत होता. वर नांदणवाडीचे इंगवले, लाकडाच्या वखारीचे मालक, त्यांची जुनी मोठी गाडी माझ्याकडे आली होती. वडिलांच्या वेळची. वायपर चालत नव्हते.

आता हे नीट ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या गाडीचे वायपर विजेवर चालत नव्हते. इंजिन हवा आत ओढतं ना, त्या ओढीवर चालायचे. इंजिनापासून वायपरपर्यंत एक रबरी नळी. एक्सिलेटरवरून पाय उचलला की ओढ जोरात, वायपर सटासट. चढाला पाय दाबला की ओढ संपली, वायपर जागच्या जागी उभे. ही त्या गाडीची जातच.

मी म्हटलं, "मालक, विजेची मोटर बसवतो. चढाला दगा नको."

"वडिलांच्या गाडीला वायर लावायची नाही," इंगवले म्हणाला. "होतं तसं करून दे."

दिलं करून. चिरलेली नळी बदलली, वायपरच्या डबीतलं चामडं तेल पाजून मऊ केलं. होईपर्यंत रात्रीचे नऊ. म्हटलं, सकाळी जा. तर नाही. सकाळी सातला त्याच्या पोरीला बघायला पाहुणे यायचे होते. ते नांदणवाडीच्या स्टँडवर उतरणार, आणि त्यांना आणायला हीच गाडी पाहिजे. स्वतःला पावसात चालवायचा धीर नाही.

"मिस्त्री, तूच चालव. वायपर बंद पडला तर हातासरशी बघशील."

निघालो. गारदेवीचा घाट लागला, चढ सुरू झाला. पाय दाबला, वायपर मेले. पाय उचलला, दोन फटके मारले. पुन्हा दाबला, मेले. असंच चालवायचं असतं. दोन फटक्यांत जेवढं दिसतं तेवढं डोक्यात धरायचं आणि पुढं रेटायचं. इंगवले शेजारी बसून पुटपुटतोय, "दुरुस्त केलं म्हणे."

तिसरं वळण गेलं. पाय दाबलेला होता. आणि काच स्वच्छ झाली.

इंगवले खूश. "बघ, चालला की."

मी बघितलं. वायपरची दांडी हललीच नव्हती. काचेच्या तळाशी पडून होती, आणि काच मात्र पुसलेली. कडेला चार बोटांचे ओघळ. वरून फडकं फिरल्याचा आवाज. किर्र. थांबला. पुन्हा किर्र.

"मालक, वायपर चालत नाही."

"मग काच कोण पुसतंय, तुझा बाप?"

तेवढ्यात गाडीचं डावं तोंड दबलं. स्प्रिंग करकरली. मडगार्डवर माणूस बसला की दबतं तसं.

मला आमचे उस्ताद करीमभाई आठवले. ते सांगायचे, पूर्वी साहेब लोक याच घाटातून असल्याच गाड्या न्यायचे. चढाला वायपर थांबतात म्हणून डाव्या मडगार्डवर एक माणूस बसवायचे, हातात फडकं देऊन. त्यानं पावसात भिजत काच पुसायची. एका रात्री असा एक माणूस सातव्या वळणावर खाली गेला. गाडी थांबलीसुद्धा नाही. करीमभाई म्हणायचे, तो अजून पुसतो. फक्त रस्ता त्याचा दाखवतो, शेवटचा.

मी वायपरचं बटणच बंद केलं. काच स्वच्छच. आणि काचेतून रस्ता दिसायला लागला सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना झाडं. झाडांच्या शेवटी दिवे.

"आलं की गाव," इंगवले म्हणाला. "ते बघ, आमच्या ओसरीवरचा कंदील. चल, दाब."

पण माझा कान इंजिनाकडे होता. इंजिन रडत होतं. रस्ता सपाट असता तर ते रडलं नसतं. अजून चढ होता बाबांनो, चांगला खडा चढ. काच खोटं बोलत होती, इंजिन बोलत नव्हतं.

मी खिडकीची काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. तोंडावर पाऊस. उजव्या हाताला डोंगराची कड, आणि ती उजवीकडे वळत चाललेली. मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं.

इंगवल्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. "आंधळा झालास काय? रस्ता समोर आहे. डोंगरावर घालतोस?"

"हात काढा मालक."

"सात वाजता पाहुणे आहेत माझे. सरळ ने."

माणूस दांडगा. गाडी त्याच्याकडे निघाली. डावीकडे. बाहेर फडकं आता घाईनं फिरत होतं. किर्र, किर्र, किर्र.

मी कोपर हाणलं त्याच्या छातीत. क्लच आणि ब्रेक दाबले, दुसऱ्या हातानं वायपरचं बटण ओढलं. पाय एक्सिलेटरवरून निघालेला, त्यामुळे इंजिनाची ओढ आली आणि खरे वायपर सुटले. सट. पहिल्या फटक्यात कंदील पुसला गेला. सट. झाडं गेली. समोर सातव्या वळणाच्या कठड्याचे तीन दगड, त्यांच्यापुढं काही नाही. नुसता पाऊस, खाली जाणारा.

आणि काचेला लागून एक तोंड. उलटं, टपावरून वाकल्यासारखं. ते अगदी अदबीनं म्हणालं, "साहेब, अजून पुसू?"

इंगवले तेव्हा पायाशी गोळा होऊन बसला. हे लक्षात ठेवा.

आता पुढं जायचं तर पाय दाबायला पाहिजे. पाय दाबला की वायपर मरणार आणि तो पुसायला घेणार. मग मी काय केलं? रिव्हर्स टाकला. उतारावर मागं यायला एक्सिलेटर लागत नाही. डोकं खिडकीबाहेर काढून सात वळणं उलटी उतरलो. वायपर सबंध वाट सटासट. तो हात टेकवायला जायचा, फटका बसायचा. पाचव्या वळणावर मागचं मडगार्ड डोंगराला घासलं. तिसऱ्यावर गाडीचं तोंड उचललं, हलकी झाली. तरी मी थांबलो नाही. पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी थांबलो, आणि उजाडेपर्यंत इंजिन बंद केलं नाही.

सकाळी उतरून बघितलं. पुढचं डावं मडगार्ड, माणूस बसून बसून झिजवतो तसं, पत्रा दिसेपर्यंत घासलेलं. मी बघितलं, इंगवल्यानंही बघितलं. दुपारपर्यंत दुसरीकडे नेऊन रंग मारून आणला.

पाहुणे स्टँडवरूनच परत गेले होते. मग गावाला कारण सांगायला नको? मिस्त्री पिऊन होता म्हणाला, घाट उलटा उतरला म्हणाला. मी तंबाखू खातो, ते कबूल. दारूचा थेंब या तोंडाला लागलेला नाही. तरी दोन वर्षं नांदणवाडीची एक गाडी माझ्या दारात आली नाही.

तर तो घाट पावसात धरू नका. तुमच्या नव्या गाड्या आहेत, वायपर विजेचे आहेत, तरी धरू नका. लांबचा रस्ता आहे, त्यानं जा. आणि कधी अडकलात, काच आपोआप स्वच्छ झाली, तर बघू नका तिच्यातून.

गेल्या महिन्यात तो इंगवले दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला होता. पाऊण तास. गुडघ्यांचं बोलला, पावसाचं बोलला, पोरीच्या नातवाचं बोलला. नंबर आला तसा काठी टेकत उठून गेला. त्या रात्रीची माफी अजून मला यायचीय, आणि ती ज्यानं मागायचीय त्याचं नाव हणमंत बाबासाहेब इंगवले.