ग्रहणातली कात्री

“सावली कुणाला चावत नाही, पोरींनो,” हा शाळेतल्या बाईंचा आवाज मायाला कितीतरी वर्षांनी आठवला. बदलापूरच्या दवाखान्यात तिच्या शेजारी सासू-सुनेची जुंपली होती.

“उद्या ग्रहण आहे, कीर्ती. पोटुशीनं कात्री धरायची नाही. बाळाचा ओठ फाटतो.”

“आई, चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. आर्यभटानं दीड हजार वर्षांपूर्वी सांगितलंय.”

“त्याला कुठं बाळंत व्हायचं होतं?”

“त्या गॅलिलिओला म्हातारपणी घरात कोंडलं, म्हणून पृथ्वी फिरायची थांबली का? मलाही कोंडून बघा.”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. मी उद्या रात्रपाळीला कारखान्यात जाणार आणि जीन्सचे धागे कापणार.”

सासूनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तुझा नवरा पोटात होता, तेव्हा मीपण अख्खं ग्रहण कॅम्प तीनच्या जीन्सच्या कारखान्यात धागेच कापले. माझ्या सासूला मरेपर्यंत कळू दिलं नाही.”