उपाशीपोटीची तपासणी

लाखांदूरच्या लॅबमध्ये नंबरची वाट पाहत लक्ष्मणराव पुस्तक उघडून बसले होते, पण कान मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोकडे होते.

"मिशीले बेसन कायचं लागलं जी?"

"आलूबोंड्याचं. तू नंबर लावून राहिली तवा स्टँडवर खाल्लो."

"माय वो! तिसरी खेप आहे ही. रक्तातली चरबी पाहाची आहे, उपाशी या म्हणलं होतं ना डॉक्टरनं?"

"कायले पाहाची?"

"तुमचं इसरणं त्याच्यानंच वाढून राहिलं का म्हणून."

"इसरलोच मी."

"तुमच्यापायी चूल नाही पेटवली. काल रातपासून मीबी उपाशीच आहो."

"ते ध्यानात होतं. हा घे, तुह्यासाठी आणला."

लक्ष्मणरावांनी पान उलटलं नाही.

"द्या मंग. नंबर तं आता उद्यावरच गेला."